उठल्यावर पहिली सिगारेट किती वाजता?

दिल्लीतील जुनं राजेंद्रनगर, करोलबाग, मुखर्जीनगर या भागांत लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी महाराष्ट्रातली कितीतरी मुलं येऊन राहतात. लहानशी खोली, मेसचं जेवण, रात्री उशिरापर्यंत वाचन आणि मधूनमधून चहाची टपरी. पहिली सिगारेट बहुधा मित्रच देतो, पैसेही तोच देतो. काही महिन्यांनी मुलगा ‘डोकं चालावं म्हणून’ ओढू लागतो. आपल्याला व्यसन जडलंय, असं मात्र त्याला वाटत नाही.

व्यसन किती मुरलंय, हे केवळ दिवसाच्या सिगारेटी मोजून कळत नाही. डॉक्टर त्यासाठी फागरस्ट्रॉम चाचणी वापरतात. तिच्यात सहाच प्रश्न असतात. त्यातला सर्वांत बोलका प्रश्न, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर व्यसन खोल गेलं समजावं. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे रात्रभरात ते पार उतरलेलं असतं. आजारी पडून अंथरुणावर असतानाही ओढता का, असंही त्यात विचारतात.

चुन्याची करामत

‘मी ओढत नाही, नुसती चिमूटभर मळतो,’ असं सांगणारेही पुष्कळ. धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तंबाखूचं हळूहळू चढतं, पण रक्तात जास्त वेळ टिकतं. चुना काही चवीपुरता नसतो. त्याच्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सहज आत शिरतं. बिडीचं तेंदूपान चटकन विझतं, म्हणून झुरके वरचेवर घ्यावे लागतात. हुक्क्यातल्या पाण्याने निकोटिन गाळलं जातं, हा तर निव्वळ भ्रम!

ई-सिगारेटवर देशात 2019 पासून बंदी आहे, तरी ती चोरून विकली जाते. ना राख, ना नेहमीचा वास. दप्तरात सापडली तरी आईला ती पेन ड्राइव्ह वाटावी. अनेक ई-सिगारेटींत निकोटिन क्षाराच्या रूपात असल्याने घशाला झोंबत नाही. नवख्याला येणारा ठसका हा शरीराचा इशारा असतो, इथे तोही येत नाही.

आणि गिऱ्हाईक लहानच असतं. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वर्षांची 8.5 टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरताना आढळली. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असल्याने या वयात सवय लवकर जडते. 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणं आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत ती विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण हे अंतर मोजायला फीत घेऊन कोण जातो?

खरी फसगत अभ्यासाच्या टेबलाशी होते. निकोटिन उतरू लागलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप बिघडते. मुलाला वाटतं, हा परीक्षेचा ताण. तो सिगारेट ओढतो, बरं वाटतं आणि सिगारेटमुळेच अभ्यास होतो अशी त्याची खात्री पटते. वास्तविक आधीच्या सिगारेटने लावलेली तलफ पुढची सिगारेट तेवढी भागवते. सोडल्यावर पहिला आठवडा सर्वांत अवघड, मग दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. या दिवसांत घरच्यांनी उलटतपासणी घेऊ नये. स्वतः पुडी फोडत वडिलांनी केलेला उपदेश तर मुलगा ऐकणारच नाही.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये 2016 साली तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय फोनसेवा सुरू झाली. 1800-11-2356 हा तिचा नंबर तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचं च्युइंगमही घेता येतं. मात्र ते साध्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नसतं. थोडं चावून गालात धरायचं आणि चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, सरबत घ्यायचं नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.