विश्लेषण : रस्त्यावर मंडप घालायचा तर परवानगी नेमकी कोणाची? पालिका, पोलीस, अग्निशमन की महावितरण?

गणेशोत्सव, दहीहंडी, नवरात्रीतला गरबा, जयंत्या आणि डिसेंबरातले महोत्सव. वसई-विरारमध्ये वर्षातले कित्येक महिने कुठे ना कुठे मंडप उभा असतो. पावती पुस्तक छापून होते, मूर्ती ठरते, डीजेला आगाऊ रक्कम जाते आणि परवानगीचा अर्ज मात्र शेवटच्या आठवड्यात पालिकेत पोहोचतो. मग धावपळ, नेत्यांना फोन आणि ‘दरवर्षी तर देता’ हा युक्तिवाद. हा कागद केवळ औपचारिकता आहे का आणि तो कुठून कसा मिळतो, याचा हा आढावा.

पालिकेला हा अधिकार कुठून येतो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार रस्त्यावर अडथळा ठरेल असे कोणतेही बांधकाम करता येत नाही. उत्सव आणि समारंभांसाठी याला अपवाद आहे. कलम २३४ नुसार आयुक्त पोलिसांच्या संमतीने तात्पुरत्या मंडपाला लेखी परवानगी देऊ शकतात. यात ‘देऊ शकतात’ हे शब्द महत्त्वाचे. मंडप हा मंडळाचा हक्क नाही, ती सवलत आहे.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. कारभार नऊ प्रभाग समित्यांत विभागलेला आहे. मंडप वालीवला असेल तर ‘जी’, पेल्हारला ‘एफ’, वसईत ‘आय’ अशी कार्यालये बदलतात. हद्दीवरच्या मंडळांनी आपला प्रभाग आधी विचारून घेतलेला बरा. चुकीच्या कार्यालयातल्या अर्जाने दोन-चार दिवस सहज जातात.

न्यायालयाने काय सांगितले आहे?

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अंतरिम आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. राज्यातल्या बहुतेक मंडप धोरणांचा पाया हाच. धर्मपालनाचे स्वातंत्र्य आहे, पण प्रत्येक सार्वजनिक रस्त्यावर पूजा करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वाहतूक आणि पादचाऱ्यांना अडथळा होणार असेल तर परवानगी देऊ नये, रेल्वे स्थानके, रुग्णालये, शाळा, बस आणि रिक्षाथांब्यांलगतच्या रस्त्यांवर तर शक्यतो नकोच, परवानगीची प्रत मंडपावर ठळकपणे लावावी आणि महसूल अधिकाऱ्यांच्या पथकांनी उत्सवाआधीच पाहणी करावी, असेही त्यात आहे.

नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेर संध्याकाळी सातला उभे राहिले की स्थानकाची अट कशासाठी आहे हे कळते.

परवानगी किती ठिकाणांहून लागते?

पालिकांनी ‘एक खिडकी’ योजना आणल्या आहेत. खिडकी एक असली तरी तिच्यामागची टेबले कमी झालेली नाहीत. जागेला पालिकेची मंजुरी, स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखेचे ना हरकत पत्र, अग्निशमन दलाचा दाखला, ध्वनिक्षेपकाचा पोलीस परवाना आणि महावितरणची तात्पुरती वीजजोडणी. १ ऑक्टोबर २०२० पासून इथले पोलीस मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाखाली आहेत. वर्गणी गोळा करायची आणि मंडळ नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी हवी. ती ऑनलाइन मिळते आणि तरीही अनेक जण ती विसरतात. जागा खासगी असेल तर मालकाचे संमतीपत्र. कार्यक्रम वसई किल्ल्यात असेल तर ते केंद्र संरक्षित स्मारक असल्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची मंजुरी वेगळी.

नियम पाळणाऱ्या जुन्या गणेशोत्सव मंडळांना एकदाच पाच वर्षांची परवानगी द्यावी, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. त्यामुळे पालिकेचे हेलपाटे कमी होतात, वायरिंगची तपासणी मात्र दरवर्षी नव्याने करावीच लागते.

अग्निशमन दाखल्याचा एवढा आग्रह का?

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या स्नेहसंमेलनात मंडपाला आग लागली. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून खाली बसलेल्यांवर पडले. ४४२ जणांचा मृत्यू झाला, त्यात बहुसंख्य मुले होती. महाराष्ट्रानेही आग पाहिली आहे. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील कार्यक्रमाचे व्यासपीठ डोळ्यांदेखत जळाले. या कार्यक्रमाची परवानगी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळालेली होती. बंब आणि मोकळी जागा जवळ होती, म्हणून जीवितहानी टळली. गल्लीत अशी मोकळी जागा नसते.

तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक आयएस ८७५८ आहे. छत किमान तीन मीटर उंच, कृत्रिम धाग्याचे कापड आणि दोर नकोत, जिवंत वीजतारेखाली मंडप नको, वीज उपकेंद्र व रेल्वेमार्गापासून १५ मीटर अंतर. दाखल्यासाठी येणारा अधिकारी साधारण हेच पाहतो.

खरा प्रश्न मात्र गल्लीच्या रुंदीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर असू शकते. सहा मीटरच्या गल्लीत चार मीटरचा मंडप घातला तर उरतात दोन मीटर, त्यातही एका कडेला दुचाकी. बंब आत जाणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. २७ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐन गणेश चतुर्थीच्या पहाटेआधी, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेशी मंडपांचा संबंध नव्हता. पण दाट वस्तीमुळे जड यंत्रे सुरुवातीला आत नेता आली नाहीत आणि ढिगारा हातांनी उपसावा लागला. इथल्या गल्ल्या मुळातच अशा आहेत.

विजेचा धोका किती?

१३ एप्रिल २०२३ च्या रात्री विरारच्या कारगिल नगरमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत वाहनावरील लोखंडी रॉडचा विजेच्या रोहित्राला स्पर्श झाला. दोन तरुणांचा मृत्यू झाला, आणखी काही जण जखमी झाले. कमान, बांबूऐवजी वापरले जाणारे लोखंडी पाइप, उंच देखावे या सर्वांना हाच धोका आहे. त्यात ऑगस्ट-सप्टेंबरात वसईत जमीन ओलीच असते.

शेजारच्या दुकानातून किंवा खांबावरून घेतलेल्या जोडणीला अर्थिंगचा आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या यंत्रणेचा पत्ता नसतो. महावितरण सार्वजनिक मंडळांना सवलतीच्या दरात तात्पुरती जोडणी देते, तेव्हा वीजचोरीतून वाचणारे पैसेही फारसे नसतात. ठेकेदाराकडून वायरिंगचा चाचणी अहवाल मात्र घ्यावा. धोकादायक तार दिसली तर १९१२ वर कळवता येते.

मोठ्या व्यासपीठासाठी संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागितले जाते, त्यामागे वारा आहे. मागे लावलेला अखंड फलक शिडासारखा काम करतो. अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळ्यांना हे वेगळे सांगायला नको. फलकाला झरोके ठेवणे आणि सांगाडा ताणदोरांनी बांधणे हा साधा उपाय.

आवाजाचे काय?

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. ते दिवस प्रशासन जाहीर करते, मंडळाने ठरवायचे नसतात. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची जागा १० हजार ते १५ लाख रुपयांच्या दंडाने घेतली आहे.

घरच्या लग्नाचा मंडप?

वाडीत किंवा स्वतःच्या अंगणात मंडप असेल तर रस्त्याच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. आवाजाचे नियम तिथेही लागू आहेत आणि मंडपाचा एक खांब जरी रस्त्यावर आला तरी पालिकेत जावे लागते. गृहसंकुलाच्या आवारातही बंबाचा मार्ग मोकळा ठेवणे बंधनकारक आहे. नेमकी तीच जागा मंडपासाठी सर्वांत सोयीची वाटते.

परवानगी नसलेला मंडप दिसला तर?

दर्शनी भागात परवानगीची प्रत लावलेली आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्यावी, वाहतूक अडत असेल किंवा मध्यरात्रीनंतर आवाज सुरू असेल तर ११२ क्रमांक. रस्त्यावरचे विनापरवाना बांधकाम नोटीस न देता हटवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. मूर्ती बसल्यानंतर तो सहसा कोणी वापरत नाही, त्यामुळे तक्रार बांबू उतरतात त्या दिवशीच गेलेली बरी.