एका बादलीचं तळं

*पुण्याहून गेलेली भाची, डाळिंबाच्या बागेतलं शेततळं आणि ‘बेडकांना कशाला पाणी?’ असं विचारणारी आजी. दुष्काळी आटपाडीत अंगणात तळं करताना शिकलेला साधासोपा फण्डा.*

मागच्या वर्षी जानेवारीत लाँग वीकएण्ड गाठून मी आटपाडीला मामाकडे गेले होते. आटपाडी म्हणजे सांगली जिल्ह्याचं माणदेशी टोक. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकरांचा मुलूख. माणगंगा नावाची नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच जास्त. सकाळी हातात चहाचा कप घेऊन डाळिंबाच्या बागेत चक्कर मारत होते. शेततळ्यापाशी आले आणि थबकले. पाण्यावर एक ससा तरंगत होता.

‘‘व्हतं असं कधीमधी,’’ मामा म्हणाला. ‘‘प्यायला उतरत्यात. कागद गुळगुळीत, वर यायला जमत न्हाई.’’

शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला तिकडे ‘कागद’ म्हणतात. हा कागद नसता, तर शेततळ्यातलं पाणी मुरून गेलं असतं आणि डाळिंबं जगली नसती. पण त्याच कागदावर तहानलेल्या जनावराचा पाय ठरत नाही. आटपाडीच्या माळावर ससे, कोल्हे, लांडगे आहेत. २०२३ मध्ये इथलं सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. पण जनावरांना कुठे कळतंय, राखीव कुठे संपतं आणि मामाची बाग कुठे सुरू होते ते!

त्याच दिवशी मामाने जुने टायर दोराला ओळीने बांधून शेततळ्यात चारी बाजूंनी सोडले. पडलेल्या जनावराला पाय रोवून वर यायला तेवढा आधार पुरतो. आणि रात्री जेवताना मी जाहीर केलं, ‘‘आपण घरामागे एक छोटं तळं करूया. उताराचं. पाखरांसाठी, बेडकांसाठी.’’

आजीचा हात भाकरीवरच थांबला. ‘‘माणसांना प्यायला न्हवतं तवा कोस कोस चाललोय आम्ही. आन् ही बेडकांना तळं करतीय!’’

मी गप्प. आजीने बहात्तरचा दुष्काळ अंगावर काढलाय. मामाने २०१३ ची चारा छावणी पाहिलीये. आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी तालुक्यात आलंय, पण पाण्याची भीती अशी लगेच जात नाही. शेवटी मामाच मदतीला आला. १९९३ साली नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद भरवली, त्या चळवळीत समन्यायी पाणीवाटपाची मागणी ऐकत तो मोठा झालेला. म्हणाला, ‘‘हिशोब घाल. रोज किती लागंल ते लिटरात सांग. मग आईशी मी बोलतो. वाटा काढायचा तर मोजून काढावा लागतो.’’

आधी बादली, मग खड्डा

तळं करायचं म्हटलं की आपण आधी काय बघतो? इंटरनेटवरचे फोटो! कमळं, कारंजी, लाकडी पूल. खरं तर आधी बघायचं ते मे महिन्याकडे. आपल्या कोरड्या पट्ट्यात मेच्या उन्हात उघड्या पाण्यातून रोज साधारण एक सेंटिमीटर पाणी उडून जातं. म्हणजे एक चौरस मीटर पाण्यामागे दहा लिटर. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद तळ्याला रोज वीस लिटर. एक मोठी बादली, बस्स.

म्हणून पहिला प्रश्न ‘जागा किती आहे’ हा नाहीच. ‘मे महिन्यात रोज किती बादल्या ओतायला कोण तयार आहे’ हा आहे. मी पुण्यात डेडलाईनच्या मागे धावणार. बादली ओतणार मामा, मामी नाहीतर आजी. त्यामुळे एकच बादली ठरली आणि त्यावरून तळं ठरलं. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तरी दोन हजार लिटर. आपण शॉवरखाली दहा मिनिटं गाणी म्हणत उभे राहतो ना, तेवढ्यात शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणजे तळ्याचे पाच दिवस!

आणि पहिल्यांदा भरायचं कसं? त्याचं उत्तर पडवीच्या पत्र्यावर होतं. वीस चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटर पाणी मिळतं. आमच्या तळ्यात मावतं साधारण पाचशे. म्हणजे दोन-तीन चांगल्या सरींचं काम. हिशोब ऐकून आजी म्हणाली, ‘‘एकच बादली. दुसरी मागायची न्हाई.’’ डील!

कागद, वाकळ आणि उतार

मेमध्ये चार दिवसांची रजा टाकून खोदायला गेले. जागा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. दुपारनंतर सावली हवी, पण झाड अगदी डोक्यावर नको, नाहीतर पाला पडून पाणी कुजतं. घराच्या दारापासून अंतर हवं, कारण बेडूक आले की मागोमाग साप येतोच. बहुतेकदा तो बिनविषारी दिवड असतो, पण नागही येऊ शकतो. म्हणून घराकडच्या बाजूचं गवत कायम कापलेलं हवं. आणि तिसरं, स्वयंपाकघरातून जागा दिसायला हवी. जे दिसत नाही त्याची काळजी घेतली जात नाही.

मधोमध खोली अर्धा मीटर, त्याहून जास्त नको. आणि किमान एक बाजू अगदी सावकाश चढत जाणारी. मी उत्साहात पहिल्या दिवशी चारही बाजू सरळ खोदल्या. मामाने वरून पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘‘ससा कुठनं चढणार?’’ दुसरा दिवस मुकाट्याने उतार करण्यात गेला. तरी सांगते, या तळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो उतारच आहे.

खड्ड्यातले खडे वेचून तळाशी वाळू, तिच्यावर जुनी पोती आणि आजीची फाटकी वाकळ अंथरली. वर मामाकडे शेततळ्याचा उरलेला कागद. कागदाचं माप सोपं आहे. लांबीत दुप्पट खोली मिळवायची आणि दोन्ही कडांना एकेक फूट जादा धरायचा. रुंदीचंही तसंच. कडा माती-दगडांखाली गाडायच्या, कारण उन्हाने कागद तडकतो. उतारावर कागदावरून माती आणि खडबडीत दगड पसरले की पाय घसरत नाही.

रोपं मोजकीच लावली. एक कुमुदिनी, काठाला वेखंड आणि ब्राह्मी. पाणकणीस टाळलं, छोटं तळं ते बघता बघता गिळतं. आणि जलपर्णी? फुकट मिळाली तरी नको! दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या बाईसाहेबांनी आपल्या नद्यांचं काय केलंय, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

घाई नडली ती एकदाच. वळवाची वाट न पाहता बोअरच्या पाण्याने थोडं भरलं आणि दहा दिवसांत पाणी हिरवंगार झालं. मामीचा फोन आला, ‘‘उपसू का?’’ मी वाचलं होतं म्हणून नको म्हटलं. पाणी बदललं की शेवाळाला पुन्हा नवं खाद्य मिळतं. रोपं वाढली, कुमुदिनीची पानं पसरली आणि पाणी आपोआप निवळलं.

डासांचं काय?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो बरोबरच आहे. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, कारण अंड्यापासून डास तयार व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. तळ्याला कोरडा दिवस कसा देणार? त्याला पहारेकरी हवेत. चतुर आणि टाचण्या पाण्यात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं डासांच्या अळ्या फस्त करतात. पण ते स्थिरावेपर्यंत काही आठवडे जातात आणि तोवर डास आधी हजर! त्या काळात मामी दर चार दिवसांनी चहाच्या गाळणीने अळ्या काढायची. तेवढं जमणार नसेल तर तळं करूच नका.

गप्पी मासे सोडा, असा सल्ला मिळेल. गप्पी अळ्या खातात, पण बेडकांची अंडी आणि बारकी पिल्लंही सोडत नाहीत. बेडकांसाठी तळं करायचं असेल तर मासे नकोत.

बाकी पाहुण्यांना आमंत्रण लागत नाही. कुठूनही बेडूक किंवा कासव आणायचं नाही. स्टार कासव घरी ठेवणं तर गुन्हाच आहे. वळवाच्या दुसऱ्या पावसात रात्रभर डराव डराव सुरू झालं. मामीने फोन तळ्याकडे धरून मला ऐकवलं. सकाळी पिवळेजर्द नर बेडूक पाहून शेजारची पोरं हरखली. मग लगेच काठीचं कुंपण घातलं, कारण लहान मुलाला वीतभर पाणीही धोक्याचं असतं.

फ्लॅटवाल्यांसाठी

अंगण नाही? गॅलरीत दीड फुटी टब चालतो. तळाला माती, त्यावर बारीक वाळू, एक छोटी कुमुदिनी आणि पाण्याबाहेर डोकं काढणारा एक दगड, म्हणजे पाखरांना आणि मधमाश्यांना बसता येईल. इतक्या वर चतुर येतीलच असं नाही, म्हणून इथे मात्र दोन-तीन छोटे स्थानिक मासे ठेवा. ते कधीही नदीत सोडू नका. आणि स्लॅबला वजन किती झेपेल ते आधी विचारा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो!

लक्षात ठेवा

• उन्हाळ्यात रोज किती बादल्या ओतता येतील, त्यावरून आकार ठरवा.
• एक बाजू उताराची आणि खडबडीत हवीच.
• साबणाचं पाणी कधीच नको. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून मग ओता.
• मे अखेरीस पाणी कमी झालं की अर्धाच गाळ काढा. तो दिवसभर काठावर राहू द्या, त्यातले जीव परत पाण्यात जातात.
• लहान मुलं असतील तर कुंपण किंवा जाळी आधी, पाणी नंतर.

या मे महिन्यात उन्हाने कहर केला. मला वाटलं, तळं आटलं असणार. भीत भीतच फोन लावला. आजीने उचलला.

‘‘आज दोन बादल्या वतल्या. ऊन लय हाय.’’

‘‘आजी, एकच ठरली होती ना?’’

‘‘ठरलं व्हतं. पर माझ्या आंघोळीची अर्धी आन् तुझ्या मामाची अर्धी काढली. बादली मोजायची ती आपल्या घरातली.’’

‘‘आणि ससा येतो का गं?’’

‘‘रातच्याला कोण येतंय ते मला काय दिसतंय? पर सकाळी चिखलात पावलं असत्यात,’’ आजी म्हणाली. ‘‘येतानाची बी आन् जातानाची बी.’’