भिल्ल असल्याचा पुरावा कोणी द्यायचा?

इंडिया गेटकडून मंडी हाउसकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राचे जुने सदन आहे. मार्गाच्या दुसऱ्या टोकाशी रवींद्र भवनात साहित्य, संगीत-नाट्य आणि ललित कला या तिन्ही राष्ट्रीय अकादम्या आहेत, आणि तेथून भगवानदास रोडने सर्वोच्च न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भिल्ल समाजाशी राजधानीचा परिचय होतो तो बहुधा या एवढ्याच टापूत, पण अगदी भिन्न अशा दोन रूपांत. कलेच्या जगात भिल्ल स्त्रीला मान आहे. भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करता करता चित्रकार ज. स्वामिनाथन यांच्या प्रोत्साहनाने चित्रे काढू लागलेल्या झाबुआच्या भूरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. न्यायालयाच्या दप्तरातली भिल्ल स्त्री मात्र महाराष्ट्राची आहे, आणि तिची कहाणी राज्याच्या प्रशासनाने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे.

मे १९९४ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका गावात पंचविशीतील भिल्ल महिलेला घरात घुसून मारहाण करण्यात आली आणि विवस्त्र करून गावातून फिरविण्यात आले. सवर्ण समाजातील एका पुरुषाशी तिचे संबंध होते, हे त्यामागचे निमित्त. सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये आरोपींना भारतीय दंड संहितेखाली आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरविले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दंड संहितेखालील शिक्षा कायम ठेवली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या आरोपातून मात्र त्यांना मुक्त केले. कारणे दोन होती : महिलेच्या जमातीचा दाखला सादर झाला नव्हता आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता. प्रत्येक आरोपीने तिला पाच हजार रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जानेवारी २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले. हे निकालपत्र गाजले ते त्यातील इतिहासामुळे. भिल्ल हे बहुधा या भूमीच्या मूळ रहिवाशांचे वंशज होत, बाकीचे बहुसंख्य भारतीय बाहेरून आलेल्यांची संतती आहेत, आणि एकलव्याचा अंगठा मागणे ही द्रोणाचार्यांची लाजिरवाणी कृती होती, असे न्यायालयाने त्यात नमूद केले. त्या परिच्छेदांचे दाखले आजही दिले जातात.

सुटलेले अपील

त्याच निकालपत्रातील आणखी एका नोंदीची चर्चा मात्र क्वचितच होते. दाखला नसणे आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा ही निव्वळ तांत्रिक कारणे असून निर्दोष मुक्ततेसाठी ती पुरेशी नाहीत, असे न्यायालयाला वाटत होते. तथापि निकालाच्या त्या भागाविरुद्ध कोणीही अपील केलेले नसल्याने त्यात हात घालता येत नाही, अशी अगतिकताही त्याने नोंदविली. राज्य सरकारने शिक्षा वाढवून मागितली नाही याबद्दल न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले. ज्या स्त्रीचा समाज मूळ रहिवाशांचा वंशज असल्याचे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ती भिल्ल असल्याचा कागद खटल्याच्या फाइलमध्ये नव्हता, आणि तो नसल्याचा तोटा तिच्याच पदरी पडला.

हा कागद मिळविणे किती कठीण असते, हे जिल्ह्यात काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्याकडे सातबारा नाही, ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि मजुरीसाठी जी कुटुंबे गावोगाव फिरली, त्यांनी हा पुरावा कोठून आणायचा? २०११ च्या जनगणनेनुसार भिल्ल ही महाराष्ट्रातील सर्वांत मोठी अनुसूचित जमात असून तिची लोकसंख्या पंचवीस लाखांहून अधिक आहे. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात संख्याबळाचा आधार तरी असतो. मैदानी जिल्ह्यांत गावकुसाबाहेर चार-दोन घरांनी राहणाऱ्या भिल्लांना तोही नाही.

समाजातले स्थान

भिल्ल स्त्रीच्या स्थानाविषयी शहरी मनात एक सुखद समजूत आहे. वधूपक्षाला दिले जाणारे देज, काडीमोड आणि पुनर्विवाहाची मोकळीक यांवरून ती स्वतंत्र असल्याचे मानले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. नवरा सोडायचा तर देज परत करण्याचा प्रश्न उभा राहतो आणि जात पंचायतीत निवाडा पुरुषच करतात. एकट्या, विधवा स्त्रीला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार सातपुड्यात घडत आले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्याला चाप लावण्याचा प्रयत्न केला. शिवाय हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. या तरतुदीचा केंद्राने फेरविचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुचविले होते.

मात्र ही स्त्री केवळ सोसणारी नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल स्त्रिया जमिनीच्या व मजुरीच्या प्रश्नांवर उभ्या राहिल्या, आणि दारूचे गुत्ते त्यांनीच फोडले. २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांच्या पट्ट्यावर पती-पत्नी दोघांची नावे बंधनकारक केली. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे नंदुरबारचे लोकसभेतील प्रतिनिधित्व एका महिलेने केले.

संसदेनेही आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. स्त्रीला विवस्त्र करण्याच्या गुन्ह्याला २०१३ च्या दुरुस्तीने किमान तीन वर्षांची शिक्षा आली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये सुधारणा झाली आणि तपासाला साठ दिवसांची मर्यादा आली. मार्च २०१८ मधील निकालाने हा कायदा सौम्य झाल्याची भावना पसरताच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने त्यात नवे कलम घालून तो पूर्ववत केला.

तथापि १९९४ च्या त्या प्रकरणात कायदा अपुरा पडला नव्हता. विवस्त्र करून धिंड काढणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तेव्हाही गुन्हाच होता. कमी पडले ते दाखला फाइलला लावणारे, योग्य दर्जाचा तपास अधिकारी नेमणारे आणि मुदतीत अपिलाचा प्रस्ताव पाठविणारे हात. निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार पीडितांना २००९ च्या अखेरीस मिळाला. शिक्षा वाढवून मागण्याचा अधिकार मात्र आजही राज्याकडेच आहे. नंदुरबारच्या पाड्यावरील वा नगरच्या गावकुसाबाहेरील स्त्रीसाठी राज्य म्हणजे तलाठी, तहसीलदार, पोलीस अधिकारी आणि सरकारी वकील. यांपैकी एकाने टाळलेली सही सर्वोच्च न्यायालयालाही नंतर भरून काढता येत नाही, हाच त्या निकालपत्राचा खरा धडा आहे.