गांधारपाले लेण्यांतील झाकलेले दान

महाडनजीक, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. तेथील एका ब्राह्मी शिलालेखात कुमार काणभोअ विष्णुपालित याच्या दानाची यादी आहे : लेणे, चेतियघर, आठ ‘ओवरक’ म्हणजे आपल्या ओवऱ्या, दोन बाजूंस दोन ‘पोढी’ म्हणजे पाण्याची टाकी, आणि वाट. हे शब्द वाचता येतात तोवर ते दान ओळखता येते. परंतु कोकणच्या पावसात अक्षरे झिजतात आणि उघडी टाकी गाळाने भरतात. अशा झाकलेल्या खुणा शोधण्यास आज दोन साधने उपयोगी पडतात.

पहिले साधन लेसर-मापन होय. यंत्रातून निघालेला किरण भिंतीवरून परतण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर कळते. असे लाखो बिंदू मोजून भिंतीची त्रिमित आकृती तयार होते. संगणकावर त्या आकृतीवर तिरपा प्रकाश पाडला असता झिजलेल्या अक्षराची उथळ खाचही सावलीने उठून दिसते. २०१२ साली कंबोडियातील अंगकोर परिसरात हेलिकॉप्टरमधून केलेल्या अशाच मापनाने दाट झाडीखालील रस्ते व वस्तीच्या खुणा उघड झाल्या.

दुसरे साधन अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, चित्रण होय. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या तापमानानुसार डोळ्यांस न दिसणारे किरण बाहेर टाकतो. ओला गाळ कोरड्या खडकापेक्षा सावकाश तापतो व सावकाश निवतो. म्हणून बुजलेल्या टाक्याची जागा दुपारी व पहाटे भोवतालाहून निराळी दिसू शकते. मात्र हा कॅमेरा खडकाच्या आत पाहत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तो केवळ पृष्ठभागाची उष्णता नोंदवतो.

येथेच दोहोंची सांगड आवश्यक ठरते. उन्हाकडे वळलेला साधा उंचवटाही अवरक्त चित्रात वेगळा दिसतो व फसवतो. तापमानाची नोंद लेसरच्या आकृतीवर बसवली म्हणजे कोणता फरक आकारामुळे पडला हे कळते. ज्याचा उलगडा आकाराने होत नाही, तेवढीच जागा तपासावयाची. पालि ग्रंथ संपादताना आम्ही एकाच हस्तलिखितावर विसंबत नाही, त्यातलाच हा प्रकार. शिवाय येथे शिलालेखाची यादी हा तिसरा साक्षीदार आहे.

यंत्रे हरवलेले अक्षर परत आणीत नाहीत. उरलेली खाच तेवढी दाखवतात. म्हणून लेखांत खडू वा रंग भरू नये, गाळ परस्पर उपसू नये, एवढी दक्षता लेण्यांवर जाणाऱ्या प्रत्येक उपासकाने आजच घेणे अगत्याचे आहे.