मोटारगाडीतील प्रदूषक उत्सर्जन

मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनातून निष्कास वायूंबरोबर अपायकारक द्रव्ये बाहेर पडणे, यास प्रदूषक उत्सर्जन म्हणतात. पेट्रोल एंजिनात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे ही प्रमुख प्रदूषके होत. यांपैकी शेवटच्या दोहोंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोनयुक्त धुरके बनते, हे ए. जे. हागेन-स्मिट यांनी लॉस अँजेल्स येथील हवेच्या अभ्यासावरून १९५०–६० या दशकाच्या प्रारंभी दाखविले.

उत्पत्ती : १ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. हवा कमी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने वाढतात. हवा थोडी अधिक दिल्यास ती घटतात. परंतु उच्च तापमान व उपलब्ध ऑक्सिजन यांमुळे नायट्रिक ऑक्साइड वाढते. एकाच उपायाने तिन्हींचे निवारण होत नाही, ही यातील मुख्य अडचण होय.

प्रतिमान : सिलिंडरातील वायूचे जळालेला व न जळालेला असे दोन विभाग कल्पून वस्तुमान व ऊर्जा यांची समीकरणे दट्ट्याच्या प्रत्येक स्थितीसाठी संगणकावर सोडवितात. त्यांवरून मिळणारे तापमान वाय. बी. झेल्डोविच यांनी मांडलेल्या विक्रियाक्रमात घालून नायट्रिक ऑक्साइडाचे प्रमाण काढता येते. वायू प्रसरण पावून थंड होताच या विक्रिया जवळजवळ थांबतात व तयार झालेले ऑक्साइड तसेच राहते.

नियंत्रण : निष्कास वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरात सोडल्यास ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तकात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंमुळे पहिल्या दोन प्रदूषकांचे ऑक्सिडीभवन व तिसऱ्याचे क्षपण एकाच वेळी होते. त्यासाठी ऑक्सिजन संवेदकाच्या संदेशानुसार मिश्रण सतत वरील प्रमाणाजवळ ठेवावे लागते. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आवश्यक ठरले. थंड एंजिन सुरू केल्यावर उत्प्रेरक तापेपर्यंत उत्सर्जन अधिक असते.

भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारगाड्यांना परिवर्तक अनिवार्य झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ मानके लागू झाली. प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरतेच उत्सर्जन घटविणारी संगणकीय आज्ञावली फोक्सवॅगन कंपनीच्या डीझेल गाड्यांत असल्याचे २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. प्रत्यक्ष रस्त्यावरील मापनाचे महत्त्व त्यावरून स्पष्ट होते; कारण नागरिकांच्या श्वासात जाते ती रस्त्यावरील हवा होय.