लॅपटॉपची झोंप आणि बॅटरीची गळती

मनुष्य झोंपला तरी त्याचें हृदय चालत असतें आणि श्वासोच्छ्वासहि थांबत नाहीं. म्हणून निजलेल्या देहासहि कांहीं शक्ति खर्चावी लागतेच. लॅपटॉपची गोष्ट पुष्कळ अंशीं अशीच आहे. रात्रीं बॅटरी पूर्ण भरून झांकण लावावें आणि सकाळीं उघडून पाहावें, तों ती निम्मीच उरलेली, असा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. मग ‘बॅटरी बिघडली’ असा निकाल तत्काळ दिला जातो व नव्या बॅटरीचा खर्च पालकांच्या माथीं येतो. जेथें एकच लॅपटॉप दोघां-तिघां भावंडांच्या अभ्यासास पुरवावयाचा असतो, तेथें ही चाट लहान नव्हे. हा निकाल पुराव्यावांचून दिला जाऊं नये, एवढ्यासाठीं या गळतीचीं कारणें व उपाय येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९९६ मध्यें इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनीं ‘एसीपीआय’ नांवाची नियमावलि प्रसिद्ध केली. तींत संगणकाच्या विश्रांतीच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. ‘एस-३’ ही आपल्या परिचयाची जुनी झोंप. तींत रॅम नामक स्मृति तेवढी जागी राहते व बाकीचे बहुतेक भाग बंद होतात. रॅममधील माहिती अतिसूक्ष्म विद्युद्भारांच्या रूपानें सांठविलेली असते. हा भार सतत झिरपतो, म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत तो पुन्हा भरावा लागतो. झोंपेंतहि थोडी वीज कां लागते, याचें उत्तर हेंच. ‘एस-४’ म्हणजे हायबरनेट. तींत स्मृतींतील सर्व माहिती डिस्कवर उतरून ठेवितात व रॅमहि बंद होते. त्यामुळें खर्च जवळजवळ नाहींसाच होतो.

पुढें लोकांस मोबाइलची संवय जडली. झांकण उघडतांच यंत्र तयार असावें व झोंपेंतहि त्यानें टपाल घ्यावें, अशी अपेक्षा वाढली. तेव्हां २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर एक नवी झोंप आली. २०१५ सालच्या विंडोज १० पासून तिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ म्हणतात. हींत यंत्र खरें पाहतां बंद होत नाहीं. तें डुलकी घेतें व मधून मधून जागें होतें. सर्व भाग एकदम शांत झाले तर खर्च अल्प होतो. परंतु वसतिगृहाच्या खोलींत एकच मुलगा दिवा लावून बसला म्हणजे साऱ्या खोलीची झोंप मोडते, त्याप्रमाणें एखादा हट्टी प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर सबंध यंत्रास जागें ठेवूं शकतो. असें जागें राहिलेलें यंत्र दप्तरांत कोंडलें गेलें तर तापतें, आणि उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे.

आतां थोडें गणित पाहूं. समजा, बॅटरींत ५० वॅट-तास वीज मावते. झोंपेंत दर क्षणीं अर्धा वॅट लागला, तर ८ तासांत ४ वॅट-तास, म्हणजे ८ टक्के खर्च होईल. तोच खर्च ३ वॅटांवर गेला, तर २४ वॅट-तास, म्हणजे ४८ टक्के! बॅटरी दोन्ही वेळीं तीच. भेद केवळ झोंपेचा.

म्हणून आधीं परीक्षा करावी. एका रात्रीं टक्केवारी लिहून, सर्व जोडण्या काढून, यंत्र शट डाउन करावें. दुसऱ्या रात्रीं तितकेच तास तें झोंपवावें. बंद असतांनाहि पुष्कळ घट झाली, तर बॅटरी किंवा आंतील जोडणी सदोष असण्याचा संभव आहे. तें यंत्र जाणत्या कारागिरास दाखवावें. घट केवळ झोंपेंत झाली, तर दोष झोंपेंत शोधावा.

शोधाचें साधन विंडोजमध्येंच आहे. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकारानें उघडावा. ‘पॉवर’ या शब्दास सी, एफ, जी हीं अक्षरें जोडून होणारी आज्ञा रोमन लिपींत लिहावी व तिच्यापुढें जागा सोडून तिरपी रेघ देऊन ‘ए’ लिहावें. म्हणजे आपलें यंत्र कोणत्या प्रकारें झोंपतें तें कळतें. ‘ए’ च्या जागीं ‘स्लीपस्टडी’ लिहिल्यास मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रावर झोंपेचा अहवाल तयार होतो व कोणत्या भागानें यंत्र जागविलें तें त्यांत दिसतें. ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहिल्यास बॅटरीची मूळ क्षमता व आजची क्षमता शेजारीं शेजारीं वाचावयास मिळते.

उपाय सोपे आहेत. यूएसबीला लावलेलीं साधनें काढावीं. माउसच्या धक्क्यानेंहि यंत्र जागें होऊं शकतें. विंडोज व ड्रायव्हर अद्ययावत् ठेवावे. अहवालांत दोषी ठरलेला प्रोग्रॅम झोंपेपूर्वीं बंद करावा. मॅक असल्यास नेटवर्कसाठीं जागें होण्याची सोय केवळ चार्जर लावलेला असतांनाच चालूं ठेवावी. सर्वांत खात्रीचा मार्ग हा कीं, कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्यें जाऊन झांकण लावतांच यंत्र हायबरनेट होईल असें ठरवावें. उठतांना त्यास थोडा अधिक वेळ लागेल, इतकेंच. आणि उपाय कोणताहि केला तरी लिहिलेलें आधीं सेव्ह करावें. झोंपेंत बॅटरी संपली तर स्मृतींत राहिलेलें लेखन गमावण्याचा धोका असतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्या दाहीजणी झोंपीं गेल्या होत्या. शहाण्यांचें शहाणपण जागण्यांत नव्हतें, तर जवळ तेल राखण्यांत होतें. यंत्रासहि खुशाल झोंपूं द्यावें, मात्र तेल राखून. आणि परीक्षा केल्यावांचून कोणास दोषी ठरवूं नये, ही शिस्त जो लॅपटॉपच्या बॅटरीविषयीं शिकेल, त्यास ती पुढें माणसांविषयींहि उपयोगी पडेल, अशी आम्हांस आशा आहे.