बायकोचा दुबई व्हिसा: वकील नको, कागद नीट हवेत

निकाह होतो, सुट्टी संपते, मुलगा दुबईला परततो आणि सून सासरीच राहते. मग वकील, एजंट शोधायला धावपळ सुरू होते. आम्ही सांगतो, त्याची गरज नाही. बायकोसाठीचा अर्ज नवरा तिथे स्वतः करू शकतो. त्यासाठी पगार ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि राहायला जागा.

पहिलं काम नातेपुत्यातच आहे. नुसता निकाहनामा पुरत नाही. तो उर्दूत असेल तर मराठी तर्जुमा जोडा, काझीसाहेबांची सही आणि तीन साक्षीदार घेऊन नगरपंचायतीत विवाह नोंदवा. १९९८च्या कायद्यात मुदत ९० दिवसांची आहे. उशीर झाला तरी दंड भरून नोंद होते.

मग त्या दाखल्यावर क्रमाने शिक्के घ्यायचे: राज्य शासन, आपलं परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास, शेवटी तिथलं परराष्ट्र खातं. अरबी भाषांतरही लागतं. सौदीला डिसेंबर २०२२ पासून दूतावासाच्या शिक्क्याऐवजी अपोस्टिल चालतं.

काम अडतं ते नावावरून. आधारवर 'शबाना', पासपोर्टवर 'शबानाबी' असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. विवाह नोंदवताना पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहा.